आधी आपल्या हातावर

प्रिय ईशा आणि नील,

गेल्या रविवारी फोनवर ईशाने विचारलं, "आजी, तुमच्या वेळी पार्लर नव्हती, तर तुम्ही तोंडाला काय लावायचात? घरगुती काही असेल तर लिहून पाठव ना, माझ्या मैत्रिणींना हवंय." मी हो म्हटलं आणि वही घेऊन बसले. क्रमांक घालून तीन उपाय लिहिले. चौथ्याला हात थांबला. हे सगळे उपाय एकाच बाईचे आहेत आणि त्या बाईबद्दल मी तुमच्या आईलाही कधी धड सांगितलेलं नाही. मला आता अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे. हे सगळं ठाऊक असलेली माझ्याशिवाय आणखी एकच व्यक्ती आहे आणि ती आपणहून बोलणार नाही. म्हणून आता लिहिते. तुम्ही मराठी सावकाश वाचता, पण वाचता. एका बैठकीत झालं नाही तर दोन बैठकींत वाचा.

तिचं नाव चांगुणा. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या तळवली गावची. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर त्या रस्त्याच्या एका बाजूला कारखाने होते आणि दुसऱ्या बाजूला गावं, भाताची खाचरं आणि त्यांच्यापलीकडे खाडी. मी त्यातल्याच एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होते. रबरात मिसळायची रसायनं तिथं तयार होत. आम्ही वाशीत नव्याने राहायला आलो होतो. संध्याकाळी कारखान्याच्या फाटकापाशी मी बसची वाट बघत उभी राहायची, आणि तिथंच ही बाई टोपलीत भेंडी नि लाल माठ घेऊन बसायची. पन्नाशीच्या अलीकडची, काटक, गुडघ्यापर्यंत घट्ट कासोट्याचं लुगडं.

एक दिवस तिने माझ्याकडे टक लावून बघितलं आणि म्हणाली, "गो बाय, तुजी मुंडी एकीची नि मान दुसरीची दिसते."

मी न ऐकल्यासारखं केलं. ती उठली. भाजीवर शिंपडायच्या पाण्यात पदराचं टोक बुडवून पिळलं, न विचारता माझी हनुवटी धरली आणि तोंड उन्हाकडे फिरवलं. मग तो ओला पदर गालावर, कपाळावर, मानेवर नुसता दाबत गेली.

"पुसायचा नाय, दाबायचा," ती म्हणाली. "पावडर नुसती वर राहली का घामाबरोबर पलते. पानी दाबला का बसते. रंग लावायचा नसतो गो, बसवायचा असतो."

तिच्याकडे आरसा नव्हता. तो ती कधीच वापरायची नाही. म्हणायची, "आरशात बाई तिला पायजे तेवराच बगते. मी उन्हात बगते." त्या दिवशी घरी जाऊन मी आरशात बघितलं. सकाळी लावलेली पावडर चेहऱ्यावर आहे हे कळतही नव्हतं. ईशा, हा तुझा पहिला उपाय.

भाजी हा तिचा रोजचा धंदा. पण आजूबाजूच्या गावांत ती ओळखली जायची ती नवरीला नटवणारी म्हणून. लग्नं वैशाखातली, भर उन्हातली, आणि तिचं सगळं सामान नारळाच्या चार करवंट्यांत मावायचं. एकीत काजळ. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची वाटी उपडी ठेवून धरलेलं, साजूक तुपात मळलेलं. दुसरीत बिटाचा रस आटवून त्यात मेण घातलेलं, ते ओठांना. तिसरीत खोबरेल तेलात कालवलेलं कुंकू, गालांना. चौथी रिकामी, तिच्यात मासळीच्या पेटीतला बर्फ यायचा. बर्फाला लिंबू चोळून वास घालवायचा, धुवट फडक्यात बांधायचा आणि पावडरीआधी नवरीच्या तोंडावर फिरवायचा, म्हणजे भर मांडवातही घाम फुटत नाही. "तोंड म्हंजे खाचर," ती म्हणायची. "आदी पानी, मग बाकीचा."

गालाचं कुंकू लावायची तिची तऱ्हा मी एकदा करावे गावात पाहिली. नवरी रडून रडून सुजलेली. चांगुणाने मडक्यात गार केलेले दोन चमचे तिच्या पापण्यांवर पालथे ठेवले आणि तिला एका म्हाताऱ्या नवऱ्याची नि खेकड्याची गोष्ट सांगू लागली. ती गोष्ट मी इथं लिहिणार नाही. नवरी नको नको म्हणत हसली, आणि हसताना गाल जिथं वर आला नेमकं तिथं चांगुणाचं बोट पोचलं होतं. "रडत्या तोंडाला लाली लावली का ती हसताना भलतीकरं दिसते," ती मला म्हणाली. "म्हनून आदी हसवायची."

या सगळ्यात ती विलक्षण सावध होती. कुठलाही नवा पाला, नवं तेल, नवी माती ती आधी स्वतःच्या डाव्या हाताला, कोपराच्या आतल्या बाजूला लावायची. आठ दिवस. सोमवारी लावलं तर पुढचा सोमवार उजाडेपर्यंत कुणाला हात लावू द्यायची नाही. "आदी आपल्या हातावर, मग लोकांच्या पोरीच्या तोंडावर." मी शिस्तीची, म्हणून मला ते फार आवडायचं.

आता यमुनेबद्दल. चांगुणाला मूल नव्हतं. थोरली बहीण गेल्यावर तिची मुलगी यमुना चांगुणाने आणि तिच्या नवऱ्याने, दामाने, वाढवली. यमुना तेव्हा अठरा वर्षांची. नाकीडोळी रेखीव, लांब केस, रंग काळा. सावळा वगैरे म्हणायची पद्धत आहे, पण चांगुणा स्वतःच म्हणायची, "आमची यमी भांड्याच्या बुडासारकी, नि तशीच खमकी."

त्या सुमारास गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या होत्या आणि मुलं कारखान्यांत लागली होती. पगारी नवरा म्हटला की तो गोरी मुलगी मागू लागला. मुलगी बघायला येणाऱ्या बायकांना चांगुणाची ख्याती माहीत होती, म्हणून त्यांनी एक रीत काढली होती. पोहे झाले की मुलीला मोरीकडे न्यायचं आणि म्हणायचं, "जा बाय, तोंड धुऊन ये." यमुनेला दोनदा तोंड धुवायला लावलं. दोन्ही वेळा निरोपच आला नाही. दुसऱ्या वेळी जाताना एक बाई अंगणात म्हणाली, "मावशी लोकांच्या पोरी गोऱ्या करते, घरचीला जमत नाय वाटतं." यमुनेने ते ऐकलं.

चांगुणा मला म्हणाली, "धुतला तरी जानार नाय असा रंग पायजे."

तो तिला घरातच दिसला. दामा आमच्याच कारखान्यात पॅकिंगच्या शेडमध्ये होता. तिथं एक पांढरी भुकटी पोत्यांत भरली जायची. वर्ष-दीड वर्षात त्याचे हात मनगटापर्यंत उजळले. त्याच्या जोडीदारांचेही. गावात थट्टा चालायची, "आला बग साहेब, हातमोजे घालून." हात दुखत नव्हते, खाजत नव्हते. नुसते गोरे झाले होते. साबणाने घासले तरी गोरे.

एका संध्याकाळी फाटकापाशी तिने टोपलीतून कागदाचा तुकडा काढला. पोत्यावरून फाडलेलं लेबल. "इंग्लिसबाय, वाच. विष हाय का बग. खोटा सांगू नको."

मी वाचलं. मालाचा क्रमांक होता आणि खाली एक शब्द होता, ज्याचा नेमका अर्थ मला माहीत नव्हता. मी तो कागद घरी नेला, डिक्शनरी काढली, दुसऱ्या दिवशी नीट सांगितलं. रबर जुनं होऊन चिरू नये, म्हणून त्यात हे घालतात. कवटी नाही, हाडं नाहीत, विष असं कुठं लिहिलेलं नाही.

"म्हंजे रबर म्हातारा होत नाय."

"हो, तसंच."

"मग बाईचा कातडा कशाला वाईट होईल," ती म्हणाली, आणि कागद घडी करून कमरेला खोचला.

ते कशाला हवंय हे मी विचारलं का? विचारलं. तिने सांगितलंही. मी म्हणाले, "जपून हं." एवढंच. ज्या बाईने आठ दिवस स्वतःच्या हातावर पारखल्याशिवाय हळदही कुणाला लावली नाही, तिला मी आणखी काय सांगणार, असं मला वाटलं.

तिने पारखलं. शेडच्या जमिनीवरची झाडलोट दामाने फडक्यात आणली, तिने ती सायीत कालवून आपल्या हाताला लावली. आठ दिवसांत काहीही झालं नाही. फोड नाही, लाली नाही, आग नाही. मग यमुनेच्या तोंडाला, मानेला, हातांना, रोज रात्री थोडंसं. दोन महिन्यांनी यमुना मला गावात भेटली तेव्हा मी तिला क्षणभर ओळखलं नाही. रंग एकसारखा, उजळ, गव्हाळ. ती मला म्हणाली, "मावशी बोलते आता मला कुनीबी धुऊ दे."

तिसरं स्थळ करावे गावचं होतं. मुलगा शिकलेला, कायम नोकरीचा. मोरीत यमुनेने तोंड धुतलं, वर टॉवेलने खसाखसा पुसलं आणि बाहेर येऊन उजेडात उभी राहिली. साखरपुडा ठरला आणि झालाही. त्या दिवशी चांगुणाने मला जिलबी पाठवली होती.

साखरपुड्यानंतर सव्वा महिन्याने यमुनेच्या ओठांच्या कडेला पहिला डाग उठला. खडूसारखा पांढरा. मग पापणीवर, मग हनुवटीखाली. चांगुणाने लेप त्याच दिवशी बंद केला, पण डाग थांबले नाहीत. जिथं लेप कधी लागलाच नव्हता, पाठीवर, पायांवर, तिथंही उठू लागले. आणि चांगुणाच्या डाव्या हाताला, कोपराच्या आत, जिथं आठ दिवसांत काही झालं नव्हतं, तिथंही एक पांढरं वर्तुळ आलं. ती फाटकापाशी आली, भाजी न आणता. कमरेचा तोच कागद काढला.

"परत वाच."

मी परत वाचला. तेच शब्द.

"काय राहलाय का वाचायचा?"

"नाही."

"मग तुजा काय चुकला नाय," ती म्हणाली. "कागदातच नव्हता."

त्या रात्री मला झोप आली नाही. मालाचा तो क्रमांक मी आणखी कुठंतरी टाईप केला होता. सकाळी ऑफिसात गेल्या गेल्या मी फाइल काढली. माझ्या फाइली तारखेवार असत, त्यामुळे शोधायला वेळ लागला नाही. कामगारांसाठीची सूचना होती. अमुक क्रमांकाचा माल हाताळताना रबरी मोजे घालावेत, त्वचेशी संपर्क आल्यास रंग कायमचा जाण्याचा संभव आहे. चांगुणाने लेबल दाखवलं त्याच्या सहा महिने आधीची. इंग्रजीत. खाली डाव्या कोपऱ्यात टायपिस्टची आद्याक्षरं असतात, ती माझी होती. शेडच्या दारावर ती सूचना काच लावून टांगलेली होती आणि दामा रोज तिच्याखालून आत जात होता.

दिवसाला वीस-पंचवीस कागद टाईप करायची मी. बोटांतून गेलं, डोक्यातून गेलं नाही. हे कारण आहे, सबब नाही.

चांगुणाला सांगायला मला चार दिवस लागले. तिच्या ओट्यावर बसून कार्बन कॉपी वाचली, मराठीत सांगितली. दामा आपल्या हातांकडे बघत बसला. यमुना आतल्या दाराशी उभी होती. चांगुणा म्हणाली, "इंग्रजीत लावला व्हता?"

"हो."

"शेडमंदी कोनाला इंग्रजी येतो?"

"कुणालाच नाही."

"मग तो कोनासाठी लावला व्हता?"



करावेकरांपर्यंत बातमी पोचली होतीच. मुलीला कोड आहे, ते लपवलं, असा त्यांचा निरोप. एका रविवारी चांगुणा, दामा आणि मी तो कागद घेऊन त्यांच्याकडे गेलो. मी सगळं समजावलं. हे कोड नाही, औषधाने रंग गेला आहे, मुलांना होणार नाही, कुणाला लागणार नाही. मुलाचे वडील भले गृहस्थ होते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग हात जोडून मला विचारलं, "बाई, तुमी शिकलेल्या. तुमच्या घरात कोन लग्नाचा हाय का?"

माझ्या धाकट्या दिरासाठी आम्ही तेव्हा मुली बघत होतो.

"हाय का?" त्यांनी पुन्हा विचारलं.

मी कागदाची घडी केली. चांगुणाने माझ्याकडे बघितलं नाही. तिने तिथलं पाणीही न पिता चपला घातल्या.

त्यानंतर तिने जे केलं ते मला दोन महिन्यांनी कळलं. उरलेला लेप तिने फेकलेला नव्हता. तो ती स्वतःच्या तोंडाला लावू लागली, रोज, जाड थर. मी तिला पाहिलं तेव्हा तिचं अर्धं कपाळ आणि एक गाल पांढरा पडला होता.

"हे काय केलंस तू?"

"कोड नाय, औषद हाय, असा घरोघर सांगून माजी जीभ झिजली," ती शांतपणे म्हणाली. "आता नुसता तोंड दाखवते. जिला कोड नव्हता तिला लावल्यावर आला, म्हंजे औषदच ना. येवरा तरी कलेल लोकांना."

तिचं म्हणणं बरोबर होतं. तिने फक्त एक गोष्ट धरली नव्हती. यमुना तिच्या सख्ख्या बहिणीची मुलगी होती. गावाने मावशीचं तोंड बघितलं, भाचीचं बघितलं आणि म्हटलं, बघा, घराण्यातच आहे. आधी ज्यांना शंका होती तेही आता खात्रीने बोलू लागले. नटवायला बोलावणं आधीच बंद झालं होतं, आता भाजीही कुणी तिच्या हातची घेईना. यमुनेसाठी पुन्हा कधी स्थळ आलं नाही.

हे तिला कळलं त्या दिवशी मी तिथं नव्हते. दामाने मला सांगितलं की ती चुलीपुढे बसली, चारी करवंट्या एकेक करून आत घातल्या आणि त्या जळेपर्यंत उठली नाही.

मी काय केलं तेही लिहिते. शेडच्या दारावर इंग्रजी सूचनेखाली मी माझ्या अक्षरात मराठी सूचना चिकटवली. दुसऱ्या दिवशी ती नव्हती. पुन्हा चिकटवली. साहेबांनी बोलावून सांगितलं की सूचना लावणं हे टायपिस्टचं काम नाही. मग मी जेवणाच्या सुट्टीत शेडच्या माणसांना तोंडी सांगू लागले. काहींनी मोजे मागून घेतले. नोकरी मी सोडली नाही. तुमच्या आजोबांचा एकट्याचा पगार पुरत नव्हता.

चांगुणा त्यानंतर आठ-नऊ वर्षं जगली. बोलायची पूर्वीसारखीच, पण कुणाची हनुवटी धरताना मी तिला पुन्हा पाहिलं नाही. एकदा मीच म्हटलं, "माझी पावडर बघ गं, नीट बसली का." तिने हात पदराखाली घेतले. "लांबून बरी दिसते," म्हणाली.

ती काविळीने गेली, एका पावसाळ्याच्या अखेरीस. दामा हयात होता, म्हणजे ती सवाष्ण गेली. सवाष्णीला न्हाऊ घालून, हिरवं लुगडं नेसवून, मळवट भरून न्यायचं असतं. गावातल्या बायका जमल्या, लुगडं नेसवलं, बांगड्या भरल्या, पण तोंडाला हात लावायला कुणी पुढे होईना. त्या एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. मीही उभीच होते.

यमुना आतून गार पाण्याचा तांब्या घेऊन आली. फडकं बुडवून पिळलं आणि मावशीच्या कपाळावर, गालांवर, गळ्यावर दाबत गेली, न पुसता. काजळ घातलं. मळवट भरला. मागून कुणी म्हातारी हळूच म्हणाली, "जरा पावडर लाव गो, पांढरा दिसतोय."

"नको," यमुना म्हणाली. "तो तिनं माज्यासाठी लावलाय. तसाच जाऊ दे."

कारखाना पुढे बंद पडला. त्या जागेवर आता काचेची ऑफिसं आहेत. तळवलीची खाचरं जाऊन तिथं चार-चार मजली घरं झाली. त्यातल्या एका घरात, दामाच्या वाट्याच्या खोलीत, तो गेल्यापासून यमुना एकटी राहते. मुलांचे कपडे शिवते. मी दर दिवाळीनंतर तिला भेटायला जाते. ती चहा करते, तुमची चौकशी करते. मागच्या खेपेला पंख्याखाली बसली असताना तिने केस वर बांधले, तेव्हा मला दिसलं. तिचं सगळं अंग आता पांढरं झालं आहे. फक्त डाव्या कानामागे, चिंचोक्याएवढ्या जागेत, तिचा मूळचा काळा रंग अजून आहे.